विकायच्या शिडीवर पाय ठेवू नये

शिड्यांच्या कारखान्यात मालक पडले, आणि तेही खुर्चीवरून. बाहेर कळले असते तर चारचौघांत हसे झाले असते, पण मालकांना त्या घडीला हशाची नव्हे तर दुसऱ्या दिवशी सकाळी येणाऱ्या तपासनीस बाईंची धास्ती होती. कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा कोण पाळतो आणि कोण नुसता फ्रेम करून भिंतीवर लावतो, हे बघायला त्या येणार होत्या. त्यांनी दाखला दिला तरच शाळांना सामान पुरवणारा एक बडा व्यापारी घडीच्या शिड्यांची ऑर्डर उचलणार होता. एवढी मोठी ऑर्डर कारखान्याने आजवर पाहिली नव्हती. माल तयार होता, बांधूनही झाला होता. अडले होते ते फक्त दाखल्यावाचून, आणि मालक जमिनीवर बसून उजवा घोटा दोन्ही हातांनी धरून "काही नाही, काही नाही" म्हणत होते.

पडायचे कारणही सुरक्षितताच. "आधी सुरक्षितता, मग काम" अशी ठसठशीत अक्षरांची पाटी मालकांनी मुद्दाम रंगवून आणली होती. आत पाऊल टाकताच बाईंची नजर तिच्यावर पडावी म्हणून ती दारासमोरच्या भिंतीवर, चांगली उंच लावायची होती.

शिड्यांच्या कारखान्यात उंचावर पोचायची काय अडचण, असे कुणालाही वाटेल. पण इथे एक जुना नियम होता. मालकांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, हा धंदा उभा केला तेव्हाच बजावून ठेवले होते की विकायच्या शिडीवर आपण पाय ठेवायचा नाही. गिऱ्हाईक नवी वस्तू म्हणून विकत घेते, तिला आधी आपल्या चपलेची धूळ लागता कामा नये. नियम सचोटीचा होता, फक्त त्यात एक गोची होती. कारखान्यात तयार होणारी प्रत्येक शिडी विकायचीच असे, त्यामुळे वापरायची अशी शिडी तिथे कधी नव्हतीच. जाळी काढायची, पंखा पुसायचा, काहीही असो, टेबलावर स्टूल ठेवायचे आणि चढायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे अगदी शब्दशः होता, कारण ते स्टूल डुगडुगते म्हणून दारावरचा गेलेला दिवा कुणी बदललाच नव्हता.

त्या दिवशी स्टुलावर पॅकिंगच्या मावशी बसल्या होत्या. वयाने मोठ्या बाईला उठवायचे कसे, म्हणून मालकांनी ऑफिसातली स्वतःची खुर्ची आणवली. ती गोल फिरायची आणि तिला चाके होती. फोरमनने, ज्यांना सगळे मामा म्हणत, ती घट्ट धरली. पाटीचा एक खिळा ठोकून झाला. दुसऱ्या खिळ्याच्या वेळी हातोडी खाली पडली. मालक म्हणाले, "मामा, हातोडी द्या." मामा आज्ञाधारक माणूस. त्यांनी खुर्ची सोडली आणि हातोडी उचलायला वाकले. खुर्ची आधी फिरली, मग पळाली, आणि मालक दोन्ही वेळा तिच्या उलट दिशेला गेले. पाटी एका खिळ्यावर तिरपी लोंबत राहिली.

प्रथमोपचाराची पेटी कपाटाच्या डोक्यावर होती. कुणी उगाच हात लावू नये म्हणून मालकांनीच ती तिथे ठेवायला लावली होती. आता मावशींनी आपणहून स्टूल दिले, ते टेबलावर चढले, त्याच्यावर मामा चढले, आणि पडलेल्या माणसाचे औषध काढताना दुसरा पडू नये म्हणून सगळा कारखाना खाली हात पसरून उभा राहिला. पेटीत सुतळीचे एक बंडल, दोन बिजागऱ्या आणि मालकांचा हरवलेला चष्मा निघाला. चष्मा सापडल्याचा आनंद मालकांना तशा स्थितीतही झाला. शेवटी मावशींनी त्यांचा पाय माल बांधायच्या फोममध्ये गुंडाळून वरून चिकटपट्टी फिरवली. हाताला वळण पडलेले, त्यामुळे "नाजूक वस्तू, जपून हाताळा" हे लेबलही त्या लावणारच होत्या. मामांनी नजरेने अडवले.

मग मालकांना खरी गोष्ट सुचली, म्हणजे भीती सुचली. कामावर अपघात झाला की तो कळवावा लागतो, कसा झाला ते सांगावे लागते, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले तेही दाखवावे लागते. हे त्यांनी मामांना समजावून सांगितले.

"म्हणजे कळवायचं कुणी?" मामांनी विचारले.

"मालकानं."

"म्हणजे तुमचा अपघात तुम्हीच तुमच्याविरुद्ध कळवायचा?"

मालकांनी फोममध्ये गुंडाळलेल्या पायाकडे पाहिले. मग म्हणाले, "मी इथं पडलोच नाही. घरी पडलो. बाथरूममध्ये. सगळ्यांनी हेच सांगायचं." एवढे बोलून त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले. पडलो तरी नाक वर, हा त्यांचा स्वभावच होता.

आता घरी बायकोला "मी आपल्या बाथरूममध्ये पडलो" असे सांगता येत नाही, कारण ती दिवसभर घरीच असते. म्हणून घरी त्यांनी रस्त्यात फुटपाथची कड दिसली नाही असे सांगितले. बायकोने पाय शेकला, मलम लावले आणि फुटपाथ बांधणाऱ्यांचा उद्धार केला. कारखान्यातले लोक तिला वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. कागदोपत्री पाहिले तर कारखान्याच्या खऱ्या मालक या वहिनीच होत्या. बाईच्या नावावर कर्जाला व्याज कमी बसते म्हणून धंदा त्यांच्या नावावर केलेला. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळे ती विसरून गेले होते, वहिनीसुद्धा. सही लागली की मालक कागद घरी आणत. वहिनी हात पुसून "कुठे करू?" एवढेच विचारत आणि सही करून पुन्हा कामाला लागत.

सगळे इथेच निभावले असते. पण मामांना काम अर्धवट टाकायची सवय नव्हती. खोटे बोलायचे तर ते चहूबाजूंनी पक्के असावे, म्हणून संध्याकाळी त्यांनी वहिनींना फोन केला. उद्या कुणी विचारलेच तर मालक तुमच्या बाथरूममध्ये घसरले असे सांगा, अशी नम्र विनंती केली आणि झोपायला गेले.

वहिनी नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या मनाला ते लागले. नवरा खोटे बोलला याचे त्यांना फारसे वाटले नाही, इतक्या वर्षांच्या संसारात त्याची सवय होते. पण आपले बाथरूम? रोज घासून कोरडे केलेले, पाय पुसणे दर दोन दिवसांनी बदललेले, ज्यात सासूबाई शेवटपर्यंत काठी न घेता जात असत, ते? त्याचे नाव सरकार दरबारी असे खराब व्हावे हे काही त्यांना पटेना.

तपासनीस बाई वेळेवर आल्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या, पाण्याची बाटली सोबत बाळगणाऱ्या. जो माणूस कधी आवाज चढवत नाही त्याच्यापुढे जपून राहावे, पण मालकांना तो आवाज ऐकून उलट हायसे वाटले. त्यांनी कोपऱ्यातल्या बाहेर पडायच्या दारापाशी रचलेला माल आदल्या दिवशीच हलवला होता. कटिंग मशीनच्या पात्यावर बसवायचे झाकण कपाटातून शोधून काढून पात्यावर चढवले होते. त्याचे स्क्रू काही सापडले नाहीत, म्हणून ते तारेने बांधले होते. बाईंनी झाकणाला नुसते बोट लावले. झाकण खाली आले. बाईंनी ते टिपून घेतले. मग त्यांची नजर मालकांच्या पायाकडे गेली.

"पायाला काय झालं?" त्यांनी साधेच विचारले.

"बाथरूममध्ये पडले," मामा म्हणाले. मालकांनी तोंड उघडण्याआधीच म्हणाले.

"घरच्या बाथरूममध्ये," पॅकिंगच्या मावशींनी भर घातली. "साबण होता खाली. गुलाबी."

"आणि पाणी पण सांडलं होतं," मशीनवरच्या कामगाराने सांगितले. दाराजवळच्या एकाने डोके कुठे आपटता आपटता वाचले तेही हाताने दाखवले.

बाई सगळ्यांचे शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही सगळे तेव्हा तिथं होतात का?"

मावशींनी पदराशी चाळा सुरू केला. मालक काहीतरी सावरासावर करणार, तोच दारातून आवाज आला, "गुलाबी साबण आमच्याकडे नाहीच मुळी."

वहिनी आल्या होत्या. हातात मालकांचे मलम होते, घरी विसरले म्हणून आणलेले. ते निमित्त होते हे मालक सोडून सगळ्यांना कळले. वहिनींनी बाईंना नमस्कार केला आणि अजिबात आवाज न चढवता सांगितले की आमच्या बाथरूममध्ये आजवर कुणी घसरलेले नाही, फरशी खरखरीत आहे, शंका असेल तर आत्ता चला, रिक्षाचे मी बघते. हे मला म्हणाले फुटपाथवर पडलो, मामा म्हणाले बाथरूममध्ये, आता खरे कुठे पडले ते मलाही ऐकायचेच आहे.

बाईंनी समोरच्या भिंतीकडे पाहिले. "आधी सुरक्षितता, मग काम" ही पाटी एका खिळ्यावर लटकत होती. खाली चाकांची खुर्ची होती. मामांना खोटे धरून ठेवणे खुर्ची धरून ठेवण्याइतकेच जमत असे. त्यांनी सगळे सांगून टाकले, अगदी हातोडी, स्टूल आणि थोरल्या मालकांच्या नियमासकट.

"म्हणजे शिड्यांच्या कारखान्यात चढायला शिडी नाही," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, पण हसू आवरायला त्यांना बाटलीतले पाणी प्यावे लागले. मग पेन उघडून त्यांनी विचारले, "बरं, इथले मालक कोण?"

आयुष्यभर या प्रश्नाला मालकांनी एकच उत्तर दिले होते, आणि तेही प्रश्न पुरा व्हायच्या आत. पण आज समोर सुटलेले झाकण होते, सुजलेला पाय होता आणि पकडलेले खोटे होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मालकांनी बायकोचा घेतला.

"मॅडम, खरं सांगायचं तर मी इथे नोकरीला आहे," ते म्हणाले. "मॅनेजर म्हणून. मालक ही आहे."

इथे सांगणाऱ्याला मालकांचा मनापासून राग येतो. बाईमाणूस मलम घेऊन आले आणि नवऱ्याने त्याच्याच हाती खटला दिला. पण मालकांनी वाईट विचाराने हे केले नव्हते, त्यांनी विचारच केला नव्हता. आपण सुटलो एवढेच त्यांना वाटले, आणि तेही क्षणभरच. कारण बाईंनी मान डोलावून लिहायला घेतले. मालक स्वतः पडला असता तर गोष्ट निराळी होती. नोकरीतला माणूस कामावर, काम करताना पडला, म्हणजे हा आता सरळसरळ कामगाराचा अपघात झाला. मालक आगीतून निघून फुफाट्यात पडले होते.

"मग जबाबदारी तुमची, ताई," बाई वहिनींना म्हणाल्या. "माणसाला उंचावर काम सांगायचं तर चढायला नीट साधन द्यायचं. ते कसं वापरायचं ते शिकवायचं. पात्यावर झाकण हवं, औषधाची पेटी हाताशी हवी. तो आपणहून खुर्चीवर चढला, मी काय करू, असं म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. धोका आधी ओळखायचं काम मालकाचं."

सगळ्यांना वाटले वहिनी आता रडकुंडीला येणार. मालकांनी अपराध्यासारखी मान खाली घातली. वहिनी मात्र बाईंच्या हातातल्या कागदाकडे बघत होत्या.

"म्हणजे हे पडले ते माझ्या कारखान्यात पडले," त्या म्हणाल्या.

"हो."

"बाथरूममध्ये नाही पडले."

"नाही."

"तेवढं आधी नीट लिहा." बाईंनी ते लिहिले. मग वहिनींनी विचारले, "आणि मी सांगितलं, पण माणसानं ऐकलंच नाही, तर?"

"सुरक्षिततेच्या सूचना पाळणं कामगारावरही बंधनकारक आहे."

"यांच्यावरही?"

"ते इथं नोकरीला असतील तर त्यांच्यावरही."

"परत एकदा सांगाल?" वहिनी म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."

बाईंनी मोठ्याने सांगितले. वहिनींनी मलम मालकांच्या हातात दिले, केस मागे घेतले आणि कारखान्याकडे पहिल्यांदाच नीट नजर फिरवून पाहिले. जिथे जिथे त्यांची नजर गेली तिथला माणूस सावरून उभा राहिला. मग त्यांनी मामांना बांधलेल्या मालातली एक शिडी सोडायला सांगितली. आजपासून ती कारखान्याची, विकायची नाही.

मामा जागचे हलले नाहीत. "वहिनी, थोरल्या मालकांचा शब्द आहे," ते म्हणाले.

"त्यांचा शब्द मी कधी मोडला नाही, मामा. पण शिडीवर चढू नका म्हणाले ते. स्टुलावर चढा, असं कधी म्हणाले होते?"

मामांनी एखाद्या नव्या लुगड्याची घडी मोडावी तशा हाताने शिडीवरचे वेष्टण काढले. ती भिंतीपाशी उभी राहिली, चकचकीत आणि देखणी. पण तिच्यावर पाय ठेवायला कुणी पुढे होईना. इतक्या वर्षांची शिकवण पायात होती. शेवटी वहिनीच चढल्या. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. तिसऱ्या पायरीवर शिडी डुगडुगली. वहिनी थांबल्या, कठडा धरला, आणि तशाच सावकाश खाली उतरल्या.

"हलतेय ही," त्या म्हणाल्या.

"फरशी उतरती आहे तिथली," मालक घाईने म्हणाले. शिडी दारापाशी नेली. तिथेही हलली. ऑफिसात नेली, अंगणातल्या सिमेंटवर नेली, बाईंच्या गाडीमागच्या सपाट जागेवर नेली. मालकांना दर ठिकाणची जमीन उतरती दिसत होती. नाचता येईना अंगण वाकडे, असे मावशी स्वतःशीच पुटपुटल्या, पण सगळ्यांना ऐकू गेले. मग दुसरी शिडी सोडली, तिसरी सोडली. सगळ्या तशाच.

मामा कटिंग मशीनकडे गेले. शिडीचे पाय कापायला ते टेप वापरत नसत. उजव्या पायासाठी एक आणि डाव्यासाठी एक अशा मापाच्या दोन पट्ट्या त्यांनी करून ठेवल्या होत्या, त्यांच्याशी लावून प्रत्येक पाय कापला जाई. डाव्या पायाची पट्टी मध्यंतरी कुणाच्या हातून पडली होती. तिचे टोक चेपले होते. चेपले म्हणजे किती, तर जेमतेम नखभर. या ऑर्डरमधल्या झाडून सगळ्या शिड्यांचा डावा पाय नखभर आखूड होता. शिडीवर कुणी चढलेच नव्हते, तर कळणार कसे? मामा टेबलाला टेकून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आयुष्यभर नीट काम केलेल्या माणसाला असे वाटणे साहजिक होते, आणि त्यांना त्यावेळी कुणी काही बोलले नाही हे बरेच झाले.

बोलले ते मालक, तेही हलक्या आवाजात. परवा माल निघायचा आहे. आखूड पायाखाली जाडसर रबर बसवले की भागेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. व्यापारी वाट बघणारा माणूस नाही, दुसरा कारखाना शोधेल. हे सगळे खरे होते. एवढी ऑर्डर गेली तर पुन्हा अशी यायला किती वर्षे लागतील हेही खरे होते. मालक लबाड नव्हते, घाबरले होते.

बाईंनी सांगितले की मालाची तपासणी त्यांच्या खात्याकडे येत नाही. त्या फक्त इथे काम करणाऱ्या माणसांपुरत्या. आणि त्या बाजूला जाऊन पाणी पिऊ लागल्या. सगळे वहिनींकडे बघू लागले. हे बघणे नवीन होते. आजवर अशा वेळी सगळे मालकांकडे बघत असत, आणि मालकांनाही हा फरक जाणवला.

"शाळांत जाणार ना या?" वहिनींनी विचारले.

"हो, वाचनालयांसाठी. वरच्या कप्प्यातली पुस्तकं काढायला."

"मग तिथं चढणारी बाई कुणाच्या तरी घरची असेल," वहिनी म्हणाल्या. "रबर झिजेल. ती पडेल. आणि घरी जाऊन सांगेल, बाथरूममध्ये पडले. माल जायचा नाही."

"ऑर्डर जाईल."

"जाऊ दे. तुम्ही तेवढे पडलात, पुरे झालं."

व्यापाऱ्याला फोन वहिनींनीच केला. शिड्या डुगडुगतात, दुरुस्त करून देते, आठवडा लागेल, असे त्यांनी जसेच्या तसे सांगितले. असे कुणी सांगते का, म्हणून मालकांनी डोळे मिटून घेतले. व्यापारी बराच वेळ कुरकुरला, मधेच ऑर्डर रद्द केल्यासारखे बोलला, आणि शेवटी म्हणाला की शाळेतून तक्रार आली असती तर नाव माझे गेले असते, तेव्हा आठवडा घ्या, पण नववा दिवस उजाडू देऊ नका. मालकांनी डोळे उघडले. वहिनींनी फोन ठेवून हात पुसले, जसे सही करून झाल्यावर पुसत.

जाताना तपासनीस बाईंनी काय काय सुधारायचे ते वहिनींना समजावून दिले. आठवड्याने परत येते, सगळे ठीक असले तर दाखला तुमच्या नावाने देते, असे त्या म्हणाल्या. दारातून मागे वळून त्यांनी आणखी एक सांगितले. कामावर जखमी झालेल्या माणसाला पाय बरा होईपर्यंत भरपगारी सुटी द्यावी लागते.

"दिली," वहिनी म्हणाल्या.

"मग कारखाना कोण बघणार?" मालकांनी विचारले. मामा पात्यावरच्या झाकणाचे स्क्रू शोधत होते आणि मावशी औषधाची पेटी हाताला येईल अशा खिळ्यावर टांगून बघत होत्या.

मालक घरी राहिले. पहिल्या दिवशी त्यांना बरे वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतून दिसणारे सगळे पाहून टाकले. वहिनी सकाळी डबा घेऊन निघत आणि संध्याकाळी अॅल्युमिनियमचा बारीक कीस केसांत घेऊन येत. येऊन सांगत की आज अमुक केले, तमुक केले. दारावरचा दिवा लागला. पात्याचे झाकण स्क्रूने बसवले, आणि झाकण काढून मशीन चालवणाऱ्याने त्या दिवसापुरते घरी जायचे असे ठरले. कामगारांनीच एक गोष्ट सुचवली होती, की माल उचलताना वाटेत पाय अडकतात, म्हणून जमिनीवर पिवळे पट्टे मारून वाट मोकळी ठेवावी. हे त्यांनी आधी का सुचवले नाही, असे मालकांनी विचारले. वहिनी म्हणाल्या, "मी पण विचारलं. म्हणाले, कुणी विचारलंच नव्हतं." हे मालकांना जरा लागले. रात्री जेवताना ते नेहमीपेक्षा कमी बोलले.

माल निघायच्या दिवशी त्यांना राहवेना. वहिनी जाऊन फार वेळ झाला नव्हता तोच त्यांनी कारखान्यात फोन लावला. पूर्वी मामा मशीनच्या आवाजातच ओरडून बोलत. आज आधी मशीन बंद झाल्याचे ऐकू आले आणि मग मामांचा आवाज आला. मामांनी पायाची चौकशी केली, सूज उतरली का, जिना चढता का, असे विचारले. मालकांनी त्याला एका शब्दात उत्तर दिले आणि आपल्या जुन्या आवाजात विचारले, "गाडी किती वाजता लागतेय?"

"थांबा हां," मामा म्हणाले. "मालकांना विचारून सांगतो."

मामांनी हे चिडवायला म्हटले नव्हते. त्यांच्या तोंडून ते सहज निघाले होते, आणि म्हणूनच मालकांच्या काळजात हलले. मग लांबून वहिनींचा आवाज आला, "कोण आहे, मामा?"

"घरून फोन आहे."

मालक रिसीव्हर कानाला लावून थांबले. रागवावे असे त्यांना वाटले, पण कुणावर ते ठरेना. वहिनी फोनवर आल्या. दाखला कालच हातात पडला होता, सांगायचे राहून गेले. दुपारी गाडी लागेल. सगळे पाय नव्या मापाने कापून झाले, आणि बांधायच्या आधी प्रत्येक शिडीवर कुणी ना कुणी चढून बघितले.

"सगळ्यांवर?" मालकांनी विचारले.

"सगळ्यांवर. मामासुद्धा चढले. आधी पाया पडले शिडीच्या, मग चढले." त्या हसल्या. मालकांनाही हसू आले, नको नको म्हणताना आले, आणि आल्यावर बरे वाटले. गाडीत माल नीट रचून घे, असे काहीतरी ते सांगणार होते. पण ते तिने आधीच केले असेल हे त्यांच्या लक्षात आले.

"तुम्ही पाय उशीवर ठेवलाय ना?" वहिनींनी विचारले.

"हो तर," मालक म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. घरात दुसरे कुणी नव्हते, बघायला कुणी येणारही नव्हते. त्यांनी पलंगाच्या त्या टोकाची उशी ओढून घेतली आणि पाय तिच्यावर ठेवला.